त्या दोघींची कानडी

माझ्या सासूबाईंचं आणि धाकट्या जावेचं गूळपीठ मला पहिल्या दिवसापासून खुपलं. पहिला म्हणजे अगदी पहिला. जाऊ माप ओलांडून आत आली, सासूबाईंच्या पाया पडली आणि उठता उठता कानडीत काहीतरी पुटपुटली. सासूबाई तोंड उघडं टाकून हसल्या. मी तोवर त्या घरात चार वर्षं नांदले होते, मला एक मूल झालं होतं, आणि त्यांचे मागचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

सासूबाई आळंदकडच्या, म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीतल्या. जाऊही तिकडचीच, दोन गावं अलीकडची. माझं माहेर बेंबळी. देवधर्म आमचा एकच, गळ्यातलं लिंग एकच, सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही हा नेमही एकच. फक्त माझ्या माहेरी कानडी कुणाला येत नव्हती. सासरे होते तोवर त्यांना घरात कानडी चालत नसे, पोरं मराठी शाळेत गेली, त्यामुळे माझ्या नवऱ्याला आणि दिराला ‘ये’, ‘बस’, ‘जेव’ यापलीकडे आईच्या भाषेतलं काही येत नव्हतं. सासूबाई सगळ्यांशी मराठी बोलत, पण कामापुरती. भाकरी झाली का, पोर झोपलं का, दार लाव. मला वाटायचं, बाईचा स्वभावच अबोल. जाऊ आली आणि कळलं की अबोल वगैरे काही नाही, या बाईच्या पोटात गोष्टींचं पोतं आहे, फक्त त्याचं तोंड माझ्याकडे नाही.

दोघी चुलीपुढे बसल्या की मी परातीत पीठ मळत त्यांच्याकडे पाठ करून कान देत असे. सुरुवात मिठापासून झाली. जावेनं ‘उप्पु’ मागितलं आणि सासूबाईंनी मिठाचं भांडं पुढे केलं, एवढं मी डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. मग पाणी, ताक, गाय, पाऊस. ‘ईकी’ म्हणजे ‘ही बाई’ हे कळलं, तेव्हा तर माझं काम सोपंच झालं. ‘ईकी’ आलं की मी पीठ मळायचं थांबवायची. माझी खात्री होती की त्या माझ्या कागाळ्या करतात. भांडायचं तर पुरावा हवा, म्हणून मी त्यांची भाषा शिकत राहिले. शाळेत कुठला विषय मी इतक्या मनापासून शिकले नव्हते.

वर्षं गेली आणि मला जवळपास सगळं कळू लागलं. जे कळलं ते भलतंच होतं. त्या माझ्याबद्दल बोलतच नव्हत्या. सासूबाईंच्या माहेरची विहीर, कुणाची तरी मारकी म्हैस, लग्नातून उठून पळालेली एक आत्या, तिकडच्या जत्रेतल्या बांगड्या, हेच चालायचं. माझा उल्लेख आलाच तर ‘ती येईल, तिला चटणी कुटायला सांग’ एवढाच. चुगल्या केल्या असत्या तरी परवडलं असतं. निदान त्या दोघींच्या मध्ये मी कुठेतरी असते.

मला कानडी येते हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आवाज खाली केला असता आणि तेवढंही ऐकायला मिळालं नसतं. शिवाय माझ्या मनात एक हट्ट होता. एक दिवस सासूबाईंनी आपण होऊन मला जवळ बसवून एखादा शब्द शिकवावा, मग मी दाखवीन मला किती येतं ते. तो दिवस काही आला नाही.

पुढे दिरानं उमरग्याला दुकान टाकलं आणि जाऊ तिकडे गेली. आम्ही सास्तूरच्या बाजूला आमच्या गावातच राहिलो. मला वाटलं, आता तरी. कसलं काय. जाऊ सणावाराला यायची ती कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन. रोज मऊ ज्वारीची भाकरी मी थापायची, त्यांना चावत नाही म्हणून दुधात कुस्करून द्यायची, आणि आल्यागेल्या माणसाला सासूबाई सांगायच्या की धाकटीच्या हातची कडक भाकरी खावी. दात एक शिल्लक नव्हता तेव्हाही हेच सांगायच्या. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

मागच्या दोन-तीन वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी साधंच होतं. भाजीत दोनदा मीठ, जेवल्यावर परत ताट मागणं. बैल विकून कैक वर्षं झाली, आता नांगरायला ट्रॅक्टर येतो. पण बैलांना पेंड घातली का म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ विचारायच्या. एकदा शेजारच्या घरात जाऊन तिथल्या चुलीपुढे बसल्या आणि त्या घरच्या बाईला म्हणाल्या, तू इथं काय करतीस? मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भूकंपानंतर सरकारनं बांधलेली घरं सगळी एका छापाची, कुणीही चुकेल. मराठी बोलता बोलता त्या मधेच कानडीत जायच्या, तर तो म्हणाला, वय झालं की माणसाला माहेर आठवतं. आणि जाऊ आली की काय व्हायचं कुणास ठाऊक, सासूबाई एकदम ताठ बसून टकाटक बोलायच्या. जाऊ मला म्हणायची, “अक्का, काय झालंय त्यांना? चांगल्या तर हायत.” नवरा म्हणायचा, तुला आधीपासनंच तिचं काही बघवत नाही. बघवत नव्हतंच. पण म्हणून जे दिसत होतं ते खोटं ठरत नव्हतं.

साखरेच्या आजाराच्या गोळ्या त्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवत आणि पिशवीला कुणाला हात लावू देत नसत. एका सकाळी त्या उठेचनात. अंग घामानं थबथबलेलं, डोळे अर्धे उघडे. जीपमध्ये घालून आम्ही त्यांना धाराशिवला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, घेतलेल्या गोळ्या विसरून परत घेतल्यात, साखर पार खाली गेली होती, थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या.

शुद्धीवर आल्या त्या कानडीतच. मराठीतलं एक अक्षर बोलेनात. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक तरुण मुलगी आली. भरती झालेल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायचं काम तिच्याकडे होतं. बार्शीकडची होती, बोलायला गोड, हातात कागद आणि पेन. ती मला म्हणाली, “काकू, मी आजींना थोडे प्रश्न विचारणार. उत्तरं नीट आली तर गोळ्या त्यांच्याकडेच राहू देऊ. नाही आली तर घरच्यांनी हातात घ्यायच्या. परत असं झालं तर जीवावर बेतेल.” मी म्हटलं, विचारा बाई, मी हेच दोन वर्षं घसा फोडून सांगतेय.

तिनं मराठीत विचारलं. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात उमरग्याहून आलेली माझी जाऊ पदर सावरत पुढे झाली. “ताई, त्यांस्नी कानडीत विचारावं लागतंय. म्या सांगते की.”

मी बोलू शकले असते. पण इतक्या वर्षांची सवय, ओठ उघडलेच नाहीत. बायकांचा वॉर्ड म्हणून माझ्या नवऱ्याला बाहेर बसवलं होतं. जाऊ खाटेवर सासूबाईंच्या उशाशी बसली आणि मी पायाशी उभी राहिले, नेहमीसारखी.

“आजी, आज वार कोणता?”

जावेनं विचारलं. सासूबाई कानडीत म्हणाल्या, सोमवार, बैल मोकळे आहेत आज. जाऊ मुलीकडे वळली आणि म्हणाली, “गुरुवार म्हणत्यात.”

गुरुवारच होता. मला आधी वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं.

“आपण आत्ता कुठे आहोत?”

सासूबाईंनी वॉर्डभर नजर फिरवली. म्हणाल्या, भावाच्या घरी. एवढ्या खाटा का मांडल्यात, लग्न आहे का कुणाचं? जाऊ म्हणाली, “दवाखान्यात म्हणत्यात. धाराशिवच्या.”

माझं काही चुकत नव्हतं. मुलीनं तवा, चिंच आणि दोर हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग ते शब्द परत विचारले. सासूबाईंनी चहा मागितला. जावेनं एकेक बोट दुमडत सांगितलं, “तवा, चिंच, दोर.” मुलगी खुश होऊन खुणा करत गेली.

मी का गप्प राहिले? कारण मला मजा वाटत होती. ही गुणाची धाकटी, जिचं उठता बसता कौतुक झालं, ती माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलत होती आणि तिला वाटत होतं की ते कुणाला कळत नाही. मला ते अजून थोडं लांबायला हवं होतं.

मुलीनं जावेकडे बोट केलं. “ही कोण आहे, आजी?”

सासूबाईंनी जावेच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, कुणास ठाऊक. दवाखान्यातली असेल. आपली भाषा छान बोलते पोर.

जावेचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला. मग ती म्हणाली, “धाकटी सून म्हणत्यात.”

माझ्या मनात पहिलं जे आलं ते ‘बरं झालं’ हेच. दया नंतर आली, आणि तीही बेताचीच.

“आणि ह्या?” मुलीनं माझ्याकडे बोट केलं.

“हिरी सोसि,” सासूबाई लगेच म्हणाल्या. मोठी सून. एवढं सगळं पुसून गेलेलं आणि मी मात्र होते. धाकटी गेली होती, मी होते. आणि त्याच दमात त्या पुढे म्हणाल्या, चोर आहे ती. माझ्या गोळ्या लपवते, मला उपाशी ठेवते, धाकटी आली की तिला सांगा.

जाऊ माझ्याकडे बघत होती. मला काही कळलं नाही असं समजून बघत होती, कीव आल्यासारखी. मग ती मुलीला म्हणाली, “मोठी सून म्हणत्यात. म्हणत्यात, लई करती माझं. हिच्यावाणी कुणी केलं न्हाय.”

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मुलगी माझ्याकडे पाहून हसली. मी या वाक्यासाठी त्या घरात किती भाकरी थापल्या, किती हगणं-मुतणं काढलं, किती सण माहेरी न जाता काढले ते माझं मला माहीत. ते वाक्य आता चारचौघांत, मोठ्यानं, कुणीतरी उच्चारलं होतं. मला ते ठेवून घ्यायचं होतं. खोटं असलं तरी. आणि चीड अशी आली, की तेसुद्धा हिच्याच तोंडून यावं? माझं कौतुकसुद्धा हिनंच करायचं?

“छान आहे आजींचं,” मुलगी पेन बंद करत म्हणाली. “गोळ्या त्यांच्या त्या घेतील.” जावेनं ते कानडीत सांगितलं आणि सासूबाईंनी कमरेची पिशवी चाचपली.

“ताई, ते खोडा,” मी म्हटलं. “त्या असं म्हणाल्याच न्हाईत.”

आणि मग वारापासून सगळं सांगितलं. बैल, भावाचं घर, चहा. जावेला ओळखलं नाही हे सांगितलं, आणि मला चोर म्हणाल्या हेही सांगितलं. शेजारची बाई आता माझ्याकडे वेगळंच बघू लागली.

जाऊ खाटेवरून उठली. “तुमाला कानडी येतं?”

“येतं.”

“कवापासनं?”

“तू आलीस तवापासनं.”

तिचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत माझ्या पाठीमागे त्या दोघी काय काय बोलल्या ते ती मनात चाळत होती, मला दिसत होतं. मी तिला चाळू दिलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती एकदम तडकली. “म्या कुणासाठी केलं? माझ्या पोरीला बघाय पावणे येणार हायत. घरात येड हाय म्हणून कागदावर लागलं की कोण करंल तिला? आन् तुमचं बी चांगलंच सांगितलं की म्या.”

तपासणाऱ्या मुलीनं जावेला खाली बसवलं. हे वेड नाही, म्हणाली, मेंदूचा आजार आहे, आणि पाहुण्यांना दाखवायला हा कागद कुठे जात नाही. साखर खाली गेली की माणूस काही दिवस भांबावतं, तेव्हा आजच्या उत्तरांवरही जायचं नाही; सुटी व्हायच्या आधी परत विचारू. “पण काकू, तेव्हा तुम्ही विचारा. आणि एकच अट. त्या जे म्हणतील तेच मला सांगायचं. कमी नाही, जास्त नाही.”

“सांगीन,” मी म्हटलं.

मधल्या दिवसांत जाऊ तिथेच राहिली. माझ्याशी बोलत नव्हती. सासूबाईंची वेणी घालायची, त्यांच्या तोंडात पेज घालायची, आणि त्या तिला ‘कुणाची गं तू’ म्हणून कौतुकानं विचारायच्या. परकी म्हणूनही ती त्यांना आवडत होती. मी औषधं आणायची, चादर बदलायची, आणि माझ्याकडे बघून त्या पिशवी आवळून धरायच्या. मला जावेचा हेवा वाटायचा थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही.

सुटीच्या दिवशी मुलगी आली. जाऊ दाराशी जाऊन उभी राहिली. मी पहिल्यांदाच सासूबाईंच्या उशाशी बसले. इतकी वर्षं कानांत साठवलेली भाषा, पण ती मोठ्यानं कधी बोलले नव्हते. आज वार कोणता, मी कानडीत विचारलं.

सासूबाई दचकल्या. माझ्याकडे वळल्या. पिशवीवरचा हात सुटला. म्हणाल्या, सोमवार.

“सोमवार म्हणत्यात,” मी सांगितलं. बुधवार होता.

जागा विचारली, भावाचं घर म्हणाल्या. तीन शब्द विचारले, तिन्ही गेले. मी जसंच्या तसं सांगत गेले आणि मुलगी लिहीत गेली. शेवटी ती हळूच म्हणाली, “काकू, तुमचं बरोबर होतं. गोळ्या आता तुम्हीच सांभाळा. डॉक्टर पुढचं औषध सांगतील, आणि महिन्यानं परत घेऊन या.” दोन वर्षं मला खोटं पाडणाऱ्या जावेसमोर ती हे बोलली. मी दाराकडे पाहिलं. जाऊ मान खाली घालून उभी होती.

“एकच राहिलं,” मुलगी म्हणाली. “तुम्ही कोण, ते विचारा.”

मी विचारलं. “ना यारु?”

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग पाय आखडून घेतले, खाटेवर जागा केली आणि माझा हात धरून मला आणखी जवळ ओढलं. त्या घरात आल्यापासून त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. कुठल्या गावची तू, त्यांनी कानडीत विचारलं, किती गोड बोलतेस. मग आवाज खाली आणून, मैत्रिणीला सांगावं तसं सांगू लागल्या. आमच्या मोठ्या सुनेला एवढ्या वर्षांत यातला एक शब्द येत नाही बघ. तिच्याशी बोलायचं म्हणजे मराठीत शब्द हुडकावे लागतात, ते मला सापडत नाहीत, म्हणून मी बोलतच नाही.

माझा हात त्यांनी सोडला नव्हता. दाराशी जावेनं तोंडावर पदर धरला. तिला सगळं कळलं होतं, आणि या वेळी तिनं मधे काही घातलं नाही.

“काय म्हणाल्या?” मुलीनं विचारलं. ती पेन धरून थांबली होती.

“म्हणत्यात,” मी सांगितलं, “मोठ्या सुनंला कानडी येत न्हाय.”

“आणि तुम्ही कोण?”

“ते ठाव न्हाय म्हणत्यात.”